बैठकीचा सरासरी वेळ

बारा वाजून दहा मिनिटांनी ती म्हातारी टेबल नंबर दोनवरून उठली आणि सहावर जाऊन बसली, तेव्हा माझ्या छातीत एकदम धडधडलं, आणि खोटं कशाला बोलू, ते आनंदानं होतं. सव्वाअकराला ती आठवरून दोनवर आली होती, तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. बसतात लोक जागा बदलून, एसीचा झोत अंगावर येतो म्हणून. पण आता तिच्यासोबतची तिघंही उठली, पाठोपाठ, न बोलता, आपापल्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन, आणि मॅनेजर पोरगा स्वतः पुढं होऊन त्यांना खुर्च्या ओढून देत होता. मग तो काउंटरमागं गेला, पडद्यावर दोनदा बोट टेकवलं, आणि एक कॉफी, फक्त एक, त्यांच्यापुढं नेऊन ठेवली. तीन टेबलं, एकच कुटुंब. सापडलं, म्हटलं. नागपूरच्या ऑफिसातल्या भल्याभल्यांना तीन महिन्यांत जे उमगलं नाही ते मी दोन तासांत पकडलं होतं. मेसेज वाचत असल्यासारखा मोबाईल वर धरून मी पहिला फोटो काढला.

माझं काम लोकांना कळत नाही. संघप्रियाला, माझ्या बायकोला, लग्नाला पाच वर्षं होऊनही ते पटलेलं नाही. 'दुसऱ्याच्या पैशानं काफी पेता अन् वरून पगार घेता, मजा हाये तुमची,' असं ती म्हणते. 'वाफ' नावाची कॉफीची दुकानं आहेत, एकूण नऊ: चंद्रपुरात दोन, मोहर्लीत सफारीवाल्यांसाठी एक, गडचांदूरला सिमेंटच्या साहेबलोकांसाठी एक, ब्रह्मपुरीला एक, बाकीची नागपूर-वर्ध्याकडं. त्यांचा धंदा कसा चाललाय ते मोजायचं कंत्राट आमच्या कंपनीकडं आहे. मी गुप्त गिऱ्हाईक. साधा शर्ट घालून जायचं, कॉफी सांगायची, आणि बसायचं. कोण किती वेळ बसतं, एकटं बसतं की घोळक्यानं, कप अर्धा टाकून जातं की तळाची साखर बोटानं काढतं, दारातून आत येऊन भाव वाचून कोण परत जातं, पुन्हा किती दिवसांनी येतं. मोहर्लीत माणूस सरासरी अठरा मिनिटं बसतो, कारण बाहेर जिप्सी उभी असते आणि त्याला वाघ बघायचा असतो. गडचांदूरला एकतीस. चंद्रपुरात अडतीस, प्रेमात पडलेले असले तर दुप्पट. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात आणि त्याचा मला अभिमान होता, तोही लपवण्यासारखा नाही.

ब्रह्मपुरीचा आकडा मात्र सगळ्यांपेक्षा वेगळा. गेल्या उन्हाळ्यात इथं माणूस तीन तास दहा मिनिटं बसत होता. एक कॉफी, तीन तास. आमच्या नागपूरच्या मॅडमनी विचारलं, 'राजदीप, तुम्ही तिकडचेच ना? काय कारण असेल?' मी तिकडचाच. आणि मी काय केलं, तर चंद्रपूरच्या भाड्याच्या खोलीत बसून, ब्रह्मपुरीला पाऊलही न टाकता, वीस मिनिटांत लिहून दिलं: कॉलेजचं गाव आहे, स्पर्धा परीक्षेची मुलं पुस्तकं घेऊन दिवस काढतात, खिडकीजवळची टेबलं विशेष आवडीची, गिऱ्हाईक बाहेरचं दृश्य पाहत बसतं. उपाय, साठ मिनिटांचा नियम. बाहेरचं दृश्य काय आहे ते मला ठाऊक होतं. रस्त्यापलीकडं सरकारी दवाखान्याचं मागचं फाटक आहे आणि फाटकाच्या आत पीएमची खोली. पीएम म्हणजे शवविच्छेदन. आमच्या भागात ज्यानं शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यालाही हा शब्द येतो. जंगलात कोणी गेलं, वाघानं नेलं, अस्वलानं फाडलं, की मयत इथं येते आणि माणसं फाटकाबाहेर पीएम व्हायची वाट बघतात. मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत आणि विडीचा तेंदूपत्ता तोडायच्या दिवसांत जास्त. हे मी विसरलो होतो असं नाही. लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, एवढंच म्हणतो. डोकं असं करतं कधीकधी, नको असलेल्या रस्त्यानं जातच नाही; आज सकाळी बसस्टँडवरून येतानाही मी दवाखान्याचा रस्ता टाळून बोळातून आलो आणि आत आल्यावर खिडकीकडं पाठ करून बसलो.

तर नियम लागला. प्रत्येक टेबलाचं घड्याळ काउंटरवरच्या पडद्यावर दिसतं. तास भरला की टेबल लाल होतं आणि गिऱ्हाइकाला हसून उठवायचं. यंदा मार्चपासून ब्रह्मपुरीचं दुकान नऊ दुकानांत पहिलं आलं. बैठक पन्नास मिनिटांवर, टेबलं सतत फिरती, आणि अजब म्हणजे एकाच मोबाईल नंबरावर एकाच दिवशी चार-चार वेळा परत येणारी गिऱ्हाइकं. मॅडम खूश झाल्या, पण बाई शंकेखोर. 'जाऊन बघा, गुपचूप.' म्हणून मी मे महिन्याच्या शेहेचाळीस डिग्रीत इथं. आणि बघितलं ते असं की चार माणसांनी आल्याबरोबर चार कॉफ्या सांगितल्या. नदीमनं, मॅनेजरच्या छातीवर नावाची पट्टी होती, त्या एकदम मशीनमध्ये घातल्या नाहीत. दर तासाला एक कॉफी, नवं टेबल, नवं बिल. घड्याळ लाल व्हायच्या आत माणसं उचलून दुसरीकडं बसवायची. कोपऱ्यात आणखी एक कुटुंब होतं, त्यांचंही तसंच. मी सहा फोटो काढले, वेळा टाकल्या. गिऱ्हाइकाचं वर्णन या रकान्यात 'ग्रामीण, अल्प खर्च' लिहिलं. त्यांचे चेहरे मी पाहिले नाहीत असं म्हणणार नाही. पाहिले. काट्यांनी ओरखडलेले हात पाहिले, चौघांपैकी कोणी कोणाशी बोलत नाही हे पाहिलं, सगळ्यांच्या माना माझ्या पाठीमागच्या काचेकडं वळलेल्या आहेत हेही पाहिलं. 'मॅनेजरकडून नियमाची फसवणूक, आकडे विश्वासार्ह नाहीत' एवढं लिहून बारा चाळीसला रिपोर्ट पाठवला. हिरवी खूण आली. मग सँडविच मागवलं, त्यालाही मार्क द्यायचे असतात.

एक वाजता गर्दी वाढली. उन्हातून माणसं आत येत होती, दारातच थबकत होती, गार हवा लागली की डोळे मिटत होती. थोड्याच वेळात नदीम माझ्यापाशी आला. 'भाऊ, टेबल खाली नाई कोणतं. या बाईले तुमच्याजवळ बसवू का? घंटाभराचा सवाल हाये.' मी म्हटलं, बसू द्या. नाही म्हणायला कारण नव्हतं आणि खरं तर मला जवळून बघायचं होतं. म्हातारी समोर बसली, खुर्चीच्या अगदी काठावर. तिच्यासोबतचा तरुण माणूस बाहेर फाटकाकडं गेला, दोघी बाया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिनं हात टेबलावर ठेवले, मग काढून मांडीवर घेतले. बराच वेळ माझ्या खांद्यावरून काचेबाहेर बघितलं आणि मग, जणू मीच विचारलं होतं, सांगू लागली.

'मी बायनाबाई. माह्या पोरीचं पीएम हाये. कमळाचं. काल पहाटं पत्ता तोडाले गेली होती बायाइसंगं. तो बसूनच होता.'

आमच्याकडं अशा वेळी त्याचं नाव घेत नाहीत. तो म्हणजे तो.

'तिचा नवरा हाये तो पोचू, बाहीर गेला तो. रातभर जंगलात शोधत होता. कोणाचा आवाज आला का उठते, अजून.' तिनं माझ्याकडं पाहिलं. 'तुमचं कोण हाये आत?'

कोणी नाही, कॉफी प्यायला आलोय, एवढं म्हणता आलं असतं. गुप्त गिऱ्हाइकानं ओळख द्यायची नसते हा नियम आहे खरा, पण त्या नियमापायी बोललो असं सांगणं म्हणजे आपलं पाप नियमाच्या माथी मारणं. तोंड आपोआप उघडलं.

'माय,' मी म्हणालो. 'माझी माय हाये.'

'त्यानंच?'

'हो. मोह वेचाले गेली होती.'

मोहाचा हंगाम सरून महिना झाला होता. हे तिला कळायला हवं होतं, कळलंही असेल, पण तिनं काही विचारलं नाही. टेबलावरचा माझा हात तिनं आपल्या हाताखाली घेतला. तळवा खरखरीत आणि एसीनं गार पडलेला. 'सोबत कोण हाये बाप्पा?' 'कोणी नाई,' मी म्हणालो, आणि ते म्हणताना माझा आवाज खरोखर फाटला.

खरं म्हणजे त्यात काहीच खोटं नव्हतं, तारीख सोडली तर. एकोणीस वर्षांपूर्वी, मी चौदाचा असताना, माझी माय वच्छला याच फाटकाच्या आत होती आणि मी आणि बाबा बाहेर होतो. तेव्हा इथं काच नव्हती, मोकळी जागा होती आणि थंड पेयांची एक हातगाडी उभी असायची. गावातून कोणी आलं नव्हतं. लोक वाईट नव्हते, पण मोह तीन आठवडे पडतो आणि त्या तीन आठवड्यांत घरी बसणं परवडत नाही. शिवाय सगळे भ्यालेले. बाबांना, बापूराव त्यांचं नाव, सारखं आत बोलवत होते, इथं सही करा, इथं अंगठा चालणार नाही, सही करा. मी एकटाच उन्हात. फॉरेस्टच्या एका गार्डला कणव आली आणि त्यानं मला गाडीवरून आंब्याची बाटली घेऊन दिली. मी आयुष्यात कधी ते प्यायलो नव्हतो. आणि ते इतकं गोड लागलं. इतकं गार. मी डोळे मिटून प्यायलो. बाटली उलटी करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला आणि दुसरी मिळते का म्हणून गार्डच्या तोंडाकडं पाहिलं. माझी माय तीस पावलांवर फरशीवर होती आणि मला आणखी एक बाटली पाहिजे होती. जीपवाल्याला घाई होती, त्यानं आम्हाला मयतीसकट गावाबाहेरच उतरवलं. बाबांनी तिथंच एकट्यानं त्रिशरण म्हटलं. 'तू पण म्हण,' म्हणाले. मी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो, कारण तोंडात अजून आंबा होता, आणि मला वाटलं तोंड उघडलं की बाबांना वास येईल. बाबांनी ते दुःख म्हणून घेतलं. गावभर सांगत राहिले, पोरगा मुका झाला होता. तेव्हापासून समोर कोणी काही प्यायला लागलं की माझं लक्ष त्याच्या घशाकडं जातं, किती घोट, किती वेळात, चवीनं की नुसतंच. लोक म्हणतात नोकरी माझ्या स्वभावाला धरून मिळाली. असेल.

नदीमनं त्या कुटुंबाची चौथी कॉफी आणून आमच्या टेबलावर ठेवली. बायनाबाईनं कप माझ्याकडं सरकवला. 'पे. सकाळपासून पोटात काई नसंल तुह्या.' दोन कॉफ्या आणि एक सँडविच होतं माझ्या पोटात. मी तिच्या वाटणीची कॉफी प्यायलो. ती माझ्याकडं बघत होती, मी घोट गिळतो की नाही ते, आणि मला पहिल्यांदा कळलं की आपल्याकडं कोणी असं बघत असलं की घसा किती आवळतो. कप रिकामा होईपर्यंत तिनं नजर काढली नाही.

दोनला नदीमचा फोन वाजला. तो काउंटरमागं पाठ फिरवून बोलत होता, नुसतं 'जी सर, जी सर'. फोन ठेवल्यावर त्यानं पडद्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं. आधी कोपऱ्यातल्या कुटुंबाला उठवलं, मग भिंतीशी उभ्या बायांना, मग आमच्यापाशी येऊन म्हणाला, 'बाई, उठा लागते आता. माफ करजा.' बायनाबाई लगेच उठली. उठायला सांगितलं की उठायचं, यात तिला नवल वाटलं नाही. ती दाराकडं गेल्यावर नदीम माझ्याशी हळू बोलला, कारण कॉफी ठेवताना त्यानं आमचं बोलणं ऐकलं होतं आणि त्याच्या लेखी मीही त्यांच्यातलाच होतो. 'वरून फोन होता भाऊ. कोणीतरी इथून फोटो पाठवले. आजच चाव्या देऊन घरी जा म्हणते.' त्यानं एप्रनची गाठ सोडायला घेतली, ती सुटेना. 'माह्या अब्बाची कापडाची दुकान हाये दवाखान्याच्या रोडवर. अयूबभाऊ कापडवाले. लोकं कफन घ्याले येते तिथी. लहानपणापासून पाहून राह्यलो, उन्हात उभे राह्यते बिचारे, घंटे न् घंटे. म्हणून बसवत होतो. तुमच्या मायचं होईपर्यंत बसू दिलं असतं तुमाले, पण आता माह्या हातात नाई.' मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तो समोर होता, त्याचा फोन समोर होता, मी मॅडमना फोन लावून माझा रिपोर्ट चुकला म्हणू शकलो असतो. मी त्याला म्हटलं, 'असू द्या नदीमभाऊ,' आणि वर त्याचा खांदा थोपटला. मला माझी किळस आली, आणि किळस येऊनही मी थोपटतच होतो.

बाहेर फाटकालगतच्या कडुनिंबाखाली दवाखान्यात आलेली धरून पंधरा-वीस माणसं होती आणि सावली आठ-दहांची. कोपऱ्यातल्या कुटुंबाचं लवकर झालं, ते गेले. बायनाबाईनं मला आपल्याजवळ उभं केलं आणि पोचूला सांगितलं, 'हा एकटा हाये. माय हाये आत याची.' पोचूनं मान हलवली आणि आपली पाण्याची बाटली मला दिली. मी मनात म्हणत होतो, आता जातो, लघवीला म्हणून जातो आणि बस धरतो. माझी पावलं हलली नाहीत. ते धाडस नव्हतं. कोणीतरी आपल्या शेजारी या फाटकाशी उभं आहे याची मला एकोणीस वर्षं भूक होती आणि ती भूक भागत होती, एवढंच ते होतं. साडेतीनला कमळाला बाहेर आणलं, पांढऱ्या कापडात, असावी त्यापेक्षा लहान. गाडीत ठेवलं. गाडीवाल्यानं इंजिन सुरू केलं. बायनाबाई जागची हलली नाही.

'याची माय येऊ दे,' ती म्हणाली. 'एकट्यानं मयत नेऊ नाई. दोन्ही गाड्या संगं जाईन.'

'बाई, ऊन पाहा ना,' पोचू म्हणाला. 'तिचं काय होईन अशानं?'

'थांबते कमळा.'

पोचूनं नळावर पोतं भिजवून आणलं आणि गाडीत चढून पांढऱ्या कापडावर पसरलं. थोड्या वेळानं पुन्हा उतरला, पुन्हा भिजवून आणलं. मी हे सगळं पाहत होतो आणि मिनिटं मोजत होतो. मोजणं थांबवायचा प्रयत्न केला, थांबलं नाही. खिशात मोबाईल थरथरला, मॅडमचा मेसेज होता, उत्तम काम, सविस्तर उद्या बोलू. गाडी मयतीसकट उन्हात उभी राहिली ती सत्तेचाळीस मिनिटं. मग पीएमच्या खोलीतून खाकी कपड्यातला माणूस बाहेर आला, दाराला कुलूप लावलं, हात धुतले आणि फाटक ओढून घेऊ लागला.

'ओ भाऊ,' बायनाबाईनं त्याला हाक मारली, 'एक मयत राह्यली ना अजून.'

'आज दोनच होत्या बाई. दोन्ही गेल्या.'

ती माझ्याकडं वळली. पोचूही बघत होता, त्याच्या हातातल्या पोत्यातून पाणी गळत होतं.

'माझी माय आज नाई गेली,' मी म्हणालो. 'एकोणीस वर्षं झाले. इथूनच नेली होती तिले.'

बायनाबाईची मान जराशी हलली, आणि मला दिसलं की हेही ती समजून घेईल. मी तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर तिनं मला गाडीत घेतलं असतं, घरी नेऊन भाकर दिली असती.

'अन् दुकानातून तुमाले बाहीर मीच काढलं,' मी म्हणालो. 'फोटो मी पाठवले. कामच ते हाये माझं.'

'काऊन?'

'लोकं जास्त वेळ बसू नाई म्हणून.'

तिनं रस्त्यापलीकडच्या काचेकडं पाहिलं. आत टेबलं रिकामी होती. ती रागावेल, शिवी देईल, पोचू अंगावर धावून येईल, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती खरंच विचार करत होती, आपल्याकडून काय चुकलं याचा.

'आमी तं काफी घेतली होती ना बाप्पा,' ती म्हणाली. 'चार घेतल्या.'

मग ती गाडीत चढली. बाकावर त्यांनी माझ्यापुरती जागा सोडून ठेवली होती. ती सरकून त्या जागेवर बसली आणि पोचूनं मागचं फळकट लावून घेतलं.